कंबर चौतीस

शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही. लोकांना हे पटत नाही, पण करून बघा. टेप कंबरेला गुंडाळायची आणि आकडा बघायला मान खाली घालायची, की पोट आत जातं, पाठ वाकते आणि टेपवर भलताच आकडा येतो. आमच्या धंद्यात म्हणूनच माप दुसऱ्याने घ्यायचं असतं. माझं माप ताई घेते.

आम्ही दोघं भावंडं मिळून कपडे दुरुस्तीचं दुकान चालवतो. नवीन काही शिवत नाही. ढिलं घट्ट करतो, घट्ट ढिलं करतो, चेन बदलतो, आणि 'हे लग्नातलं जाकीट मला अजून होईल का' असं विचारणाऱ्यांना खोटं न बोलता दुसऱ्या विषयावर नेतो. दोन मशिनी, एक इस्त्रीचं टेबल, पुरुषभर उंचीचा आरसा आणि कोपऱ्यात पडदा ओढून केलेली ट्रायल रूम. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मशीन तिचं माझ्याहून जोरात चालतं, तोंड त्याहून. दोन्हींचा मला लहानपणापासून सराव आहे.

मी बेल्ट लावत नाही. शिंप्याने बेल्ट लावणं म्हणजे स्वतःच्या दुकानाबाहेर 'आम्हाला जमत नाही' अशी पाटी टांगणं. वीस वर्षं माझी कंबर चौतीस आणि वीस वर्षं माझी पँट जागच्या जागी. याचा मला गर्व होता, आणि पुढचा सगळा घोळ याच गर्वातून झाला.

चार वर्षांपूर्वी मला क्रोन्स नावाचा आजार असल्याचं कळलं. कळलं म्हणजे, कळायला वर्ष लागलं. आधी ॲसिडिटी झाली, मग टेन्शन झालं, मग 'बाहेरचं खाऊ नका' झालं. मी बाहेरचं खातच नव्हतो. घरचं खाऊनच धावत होतो. दुकानामागच्या संडासाची कडी मी दिवसातून इतक्यांदा लावायचो की ताईने तिला तेल घातलं. शेवटी पोटाच्या डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी दुर्बीण घालून बघितलं आणि सांगितलं की शरीराची राखण करणारी मंडळी माझ्याच आतड्यावर उठली आहेत, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सूज आणि जखमा आहेत. हा आजार जन्माचा सोबती, पण ताब्यात ठेवता येतो. दुर्बिणीबद्दल मी तक्रार करणार नाही, तेव्हा मी झोपेत होतो. आदल्या दिवशी प्यायला लावलेल्या औषधाबद्दल मात्र मी कुठेही, कोणापुढेही बोलायला तयार आहे.

तपासण्यांची एक गोष्ट सांगतो. शौचाचा नमुना प्रयोगशाळेत द्यायचा होता. त्यातून आत सूज किती आहे ते कळतं. ताईने डबी नीट बांधून दुकानाच्या पिशवीत घातली. आमच्या सगळ्या पिशव्या सारख्याच, आणि सगळ्या एकाच खुंटीला. मी पिशवी उचलून प्रयोगशाळेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी उघडली तर आत आमचे नेहमीचे गिऱ्हाईक असलेल्या वकीलसाहेबांची करडी पँट, खालची पट्टी नव्याने घातलेली. मी तिथून दुकानापर्यंत जसा पळालो तसा शाळेच्या शर्यतीतही पळालो नव्हतो. वकीलसाहेब दुसरी पिशवी काखेत मारून पायरी उतरतच होते. त्यांना आजवर वाटतं, मी त्यांची पँट पोचवायला जीव तोडून पळत आलो. सगळीकडे आमच्या सेवेची तारीफ करतात.

सुरुवातीच्या गोळ्यांनी सूज उतरली पण चेहरा फुगला. ताई मला दोन महिने 'चेंडू' म्हणून हाक मारत होती. त्या गोळ्या बंद झाल्या, दुसऱ्या सुरू झाल्या, चेहरा पूर्ववत झाला आणि बरे दिवस आले. मग मागच्या वर्षी डॉक्टरबाई म्हणाल्या, "मास्तर, या गोळ्या कमी पडताहेत असं दिसतंय. इंजेक्शनांचा विचार करा. दोन आठवड्यांनी एक, घरच्या घरी घेता येतं."

"विचार करतो," मी म्हणालो.

आमच्या दुकानात 'विचार करतो' म्हणणारं गिऱ्हाईक पुन्हा कधी दिसत नाही.

मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही. माझ्या डोक्यात एक जिना तयार झाला होता. गोळ्या ही पहिली पायरी, इंजेक्शन दुसरी, ऑपरेशन तिसरी, आणि जिन्याच्या टोकाला पोटावर शौचाची पिशवी लावलेला मी. दुसऱ्या पायरीवर पायच ठेवला नाही तर वर जाणारच नाही, असा माझा हिशेब. घरी आल्यावर ताईसमोर मी जाहीर केलं, "माझी कंबर चौतीस आहे तोवर मी ठीक आहे. कंबर उतरली की इंजेक्शन. तू दर महिन्याच्या एक तारखेला माप घे."

डॉक्टरबाईंच्या तारखा मी कामाच्या गर्दीचं कारण सांगून पुढे ढकलत राहिलो. गोळ्यांसाठी लागणारी रक्ताची तपासणी तेवढी करायचो. एक तारखेला आरशासमोर हात वर करून उभा राहायचो. ताई मागून टेप घालायची, आणि माझ्या खांद्यावरून तिचा आवाज यायचा, "चौतीस." मी हात खाली घ्यायचो आणि कामाला लागायचो. असे दहा महिने गेले.

या दहा महिन्यांत जेवणानंतर पोटात पीळ पडायला लागला होता. मी जेवण कमी केलं. मऊ भात, उकडलेला बटाटा, त्यातही अर्धं ताट. खुर्चीत बसलं की पँटची मागची बाजू टोचायची. मी खुर्चीला दोष दिला आणि उशी घेतली. एकदा दुपारी सगळं खाल्लेलं उलटून पडलं तेव्हा ताईने फोन उचलला आणि माझी डॉक्टरबाईंची वेळ ठरवून टाकली.

दवाखान्यात सिस्टरने मला काट्यावर उभं केलं.

"छप्पन्न," ती म्हणाली आणि फाइल उलटली. "मास्तर, मागच्या वेळी त्रेसष्ट होतात."

"काटा बिघडलाय."

"सकाळीच तपासलाय."

"मग सकाळनंतर बिघडला. माझी कंबर चौतीस आहे. सात किलो गेल्यावर चौतीस राहते का? ही पँट बघा. बेल्ट नाही, काही नाही. कुठून गळतेय सांगा."

सिस्टर चपला काढून स्वतः काट्यावर चढली, आकडा बघितला आणि उतरली. "माझं बरोबर दाखवतोय," ती म्हणाली. "बिघडला असता तर बरं झालं असतं."

मी हट्टाला पेटलो. खिशातून टेप काढली. टेप माझ्या खिशात असतेच, इतरांच्या खिशात रुमाल असतो तशी. "तुम्हीच माप घ्या," मी म्हणालो आणि शर्ट वर करून उभा राहिलो. तिने टेप घातली, नीट सरळ धरली, मला एक शब्दही सुचवावा लागला नाही.

"एकतीस," ती म्हणाली.

मी तिच्या हातातली टेप बघितली, पँट बघितली. पँटमध्ये मला तरी काही दोष दिसत नव्हता, ती कंबरेवर चपखल बसली होती. डॉक्टरबाईंनी पोट दाबून बघितलं, रक्त, नमुना, स्कॅन असं सगळं लिहून दिलं, आणि "आता विचार पुरे, मास्तर" असं म्हणाल्या. मी मान डोलावली. माझं सगळं लक्ष पँटकडे होतं.

दुकानात येऊन मी थेट ट्रायल रूममध्ये शिरलो, पडदा ओढला, पँट उतरवली आणि उलटी केली.

मागच्या मधल्या शिवणीत एकापुढे एक सहा ओळी होत्या. अर्ध्या अर्ध्या इंचाने आत घेतलेल्या. दोरा कापडाच्या रंगाला इतका जुळवलेला की बाहेरून मागमूस नाही. आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला तीनदा मागे-पुढे टाका. सगळं जग दोनदा घालतं, तीनदा घालते ती फक्त माझी ताई. माझे सगळे कपडे तिच्याच इस्त्रीखालून जायचे हे मला तेव्हा आठवलं.

"ताई!" मी पडद्याआडून ओरडलो.

मशीन थांबलं. "काय रे?"

"ही पँट कोणी आत घेतली?"

ती बाहेरूनच म्हणाली, "कोणती?"

"कोणती म्हणजे? किती घेतल्यास?"

"तिन्ही," ताई म्हणाली.

माझ्या अंगात आग भडकली. तरातरा बाहेर जाऊन तिच्या समोर उभं राहावं आणि काय ते सुनवावं असं वाटत होतं, पण पँट हातात होती आणि दुकानाचं दार रस्त्यावर उघडं. चड्डीवर भांडता येत नाही. मी पडद्यातून फक्त डोकं बाहेर काढलं.

"दहा महिने तू मला चौतीस सांगत होतीस? आतडं सडलं असतं माझं! डॉक्टरबाई म्हणाल्या, सात किलो गेलेत!"

ताईने हातातला कापडाचा तुकडा खाली ठेवला. "पहिल्यांदा अर्धाच इंच होता," ती म्हणाली. "तू हात वर करून उभा होतास आणि आरशात माझ्याकडे बघत होतास. परीक्षेचा निकाल असल्यासारखा. माझ्या तोंडून चौतीस निघून गेलं. म्हटलं, पुढच्या महिन्यात भरून येईल. पुढच्या महिन्यात अजून अर्धा गेला. आता खरं कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून दर अर्ध्या इंचाला पँट आत घेत गेले."

"आणि सांगायचं कधी होतं? माझी अंगडी-टोपडी शिवायला घेतल्यावर?"

"मला वाटलं इंजेक्शन म्हटलं की तू खचशील." मग तिचाही पारा चढला. "आणि तू काय रे? रस्त्यापलीकडून चाललेल्या माणसाची पँट अर्धा इंच ढिली आहे हे तुला इथे बसून दिसतं. स्वतःचा शर्ट खांद्यावरून लोंबतोय, गळपट्टीत दोन बोटं जातात, ते दिसलं नाही? दहा महिन्यांत एकदा तरी म्हणालास, ताई, टेप मला दाखव? तुला चौतीसच ऐकायचं होतं. मी सांगत होते आणि तू ऐकत होतास."

शर्ट मला दिसला होता. दिसला तेव्हा मी आरशापासून बाजूला झालो होतो. हे कबूल करण्यापेक्षा मी कारागिरीवर घसरलो.

"आणि एवढं कापड आत ठेवतात का? तीन इंच! कापायचं नाही? म्हणून टोचत होतं मला! नवशिकीसुद्धा असं काम करणार नाही!"

ती काही बोलणार तेवढ्यात एक बाई पडद्यांचं गाठोडं घेऊन आल्या. त्यांनी माझं नुसतं डोकं बघून नमस्कार केला. मी डोक्यानेच केला. ताई त्यांच्या पडद्यांची लांबी मोजायला लागली, आणि मी तीच सहा ओळींची पँट पुन्हा चढवली, कारण दुकानात दुसरी नव्हती.

चार दिवस आम्ही कामापुरतं बोललो. कात्री दे, दोरा संपला, इतकंच. पाचव्या दिवशी स्कॅन होता. तासाभरात दीड लिटर गोडसर पाणी प्यायचं, म्हणजे आतडं फुगून नीट दिसतं. मी ते घोटघोट पीत बसलो होतो तेव्हा शेजारच्या खुर्चीत येऊन कोणीतरी बसलं. ताई. दुकान बंद करून आली होती.

"कसं लागतंय?" तिने विचारलं.

"साबण टाकलेल्या सरबतासारखं."

"संपव," ती म्हणाली. भांडण तिथे मिटलं असं नाही, पण ती प्रत्येक ग्लास भरून देत राहिली.

आठवड्याने डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं. पडद्यावर माझं आतडं होतं. एक जागा बोट दाखवल्याशिवायही कळत होती, चांगल्या रुंद नळीला मध्येच कोणी दोरी आवळावी तशी.

"बारा सेंटिमीटरचा भाग अरुंद झालाय," त्या म्हणाल्या.

"पावणेपाच इंच," मी म्हणालो.

"यात सूज किती आणि जुन्या जखमांचा कडक व्रण किती, हे मिसळलंय. सूज औषधाने उतरते. व्रण उतरत नाही."

मला हे लगेच समजलं. धुऊन आटलेलं कापड वाफेवर थोडं सैल होतं, इस्त्रीने जळून आकसलेलं होत नाही. मग जे विचारायचं नव्हतं तेच तोंडातून गेलं. "दहा महिन्यांपूर्वी आलो असतो तर?"

डॉक्टरबाईंनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. "तेव्हा व्रण बहुधा कमी असता. नक्की सांगता येत नाही, पण बहुधा."

ताई आपल्या हातांकडे बघत होती. सुईची टोचणं भरलेली बोटं तिने मांडीवर एकमेकांत गुंतवली होती. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, मला तिची आणि माझी, दोघांची सारखीच कीव आली.

"आता दोन रस्ते," डॉक्टरबाई म्हणाल्या. पहिला, इंजेक्शन लगेच सुरू करायचं. त्याआधी क्षयाची आणि काविळीची तपासणी, कारण हे औषध शरीराची राखण सौम्य करतं. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन. जागा मोकळी झाली तर उत्तम, नाही तर ऑपरेशन. दुसरा रस्ता, आधीच ऑपरेशन. अरुंद तुकडा काढून दोन टोकं जोडायची. त्यानंतरही औषध बहुतेकदा लागतंच, कारण आजार जोडाच्या जागी परत येऊ शकतो.

"आणि पिशवी?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा लागत नाही. लागली तरी बहुधा काही महिन्यांपुरती. आणि पिशवी लावून लोक पोहतात, मास्तर. तुम्ही तर बसून काम करता."

इतके महिने ज्या जिन्याला मी घाबरलो होतो तो जिनाच नव्हता. इंजेक्शन आणि ऑपरेशन, दोन दारं शेजारी शेजारी होती, आणि मी दोन्हींकडे पाठ करून उभा होतो. "टोकं जोडताना शिवण कोणती घालता?" मी विचारलं.

"हल्ली बहुतेकदा यंत्राने, बारीक पिना मारून."

"पिना," मी ताईकडे बघून म्हणालो. ताईने तोंड वाकडं केलं.

"तू काय म्हणतेस?" मी तिला विचारलं.

"मी काही म्हणत नाही. मी एकदा तुझ्या वतीने ठरवून बसले. आता तोंड उघडणार नाही," असं म्हणून तिने पर्समधून घडी केलेला कागद काढला आणि डॉक्टरबाईंना सतरा प्रश्न विचारले. ताप आला तर काय करायचं, इंजेक्शन फ्रीजमध्ये कुठल्या कप्प्यात ठेवायचं, कामाच्या सुईचा आणि या सुईचा काही संबंध येतो का. तिचा सतरावा प्रश्न संपेपर्यंत माझं ठरलं होतं.

"इंजेक्शन," मी म्हणालो. "सहा महिने. आणि एकही तारीख चुकवणार नाही. पोटात पीळ वाढला, उलटी झाली, तर त्याच दिवशी येईन. सहा महिन्यांत नाही जमलं तर पिना मारा."

पहिलं इंजेक्शन सिस्टरने दिलं, दुसरं तिच्या देखरेखीखाली मी. जन्मभर सुया हाताळलेल्या माणसाला एवढीशी सुई मांडीत खुपसताना घाम फुटला. ताई शेजारी उभी राहून "तिरकी धरू नकोस" म्हणत होती.

एक तारखेचं माप चालूच राहिलं, फक्त पद्धत बदलली. आता ताई टेप घालते, जागा अंगठ्याने दाबून धरते, आणि टेप सोडवून माझ्या डोळ्यांपुढे आणते. आकडा मी वाचतो. पहिल्या महिन्यात एकतीस. दुसऱ्या महिन्यात एकतीस. तिसऱ्या महिन्यात मी टेप खिडकीच्या उजेडात नेली आणि दोनदा बघितली. साडेएकतीस. सूज सांगणारा नमुन्याचा आकडाही निम्म्यावर आला होता. (नमुन्याच्या पिशवीला आता लाल दोरा बांधतो.) स्कॅनला अजून तीन महिने होते, पुढचं कोणालाच ठाऊक नव्हतं, पण त्या दिवशी पँट मला घट्ट होत होती.

मी पँट उलटी करून मशीनवर घेतली. म्हटलं, सहावी ओळ उसवायची आणि अर्धा इंच बाहेर नवी शिवण घालायची. ब्लेडने ताईचे ते तीन-तीन टाके काढायला वेळ लागला. दोरा ओढून काढला आणि नवी शिवण घालायला कापड सुईखाली सरकवलं, तर शिवायला काही नव्हतंच. पाचवी ओळ जागेवर होती. तिच्यामागे चौथी, तिसरी, दुसरी, पहिली, आणि सगळ्यांच्या मागे माझी चौतीसची मूळ शिवण. पँट आत घेताना मागची ओळ उसवतात, जास्तीचं कापड कापतात. तिने एकही ओळ उसवली नव्हती आणि बोटभरही कापड कापलं नव्हतं. तिन्ही पँटींत, प्रत्येक मापाची शिवण तयार उभी होती.

"हे कापड का ठेवलंस ते तू सांगितलंच नाहीस," मी म्हणालो.

ताईने मशीन थांबवलं नाही. वकीलसाहेबांचा कोट होता तिच्या हातात, घाईचा.

"कापलं असतं तर तू परत चौतीसवर आल्यावर कुठून आणलं असतं?" ती म्हणाली.

मी पँट चढवली आणि हात वर करून आरशासमोर उभा राहिलो.